टेक आणि टेकडी

‘नाशिक नव टेकांवर वसविले’ हे वाक्य जुन्या नाशकातल्या पोरांना बाळकडूसारखं मिळतं. कोणी मुद्दाम शिकवत नाही. सायकल ढकलत गल्ली चढताना दम लागला की बरोबरचं मोठं माणूस ते ऐकवतं, आणि त्यात सांत्वनापेक्षा अभिमानच जास्त असतो. नऊ टेक नेमके कोणते, असं विचारलं तर मात्र दर आळीची यादी निराळी. जुनी गढी, नवी गढी, पठाणपुरा, कोकणीपुरा, जोगवाडा, डिंगरअळी, चित्रघंटा ही नावं बहुतेक याद्यांत येतात. उरलेल्या दोन जागांसाठी जो तो आपल्याच दारापुढचा चढ पुढे दामटतो.

या साध्या वाक्यावर रंगाचा हात फिरवण्यात आला आहे. पर्यटनाच्या पत्रकांत आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत नाशिक हे ‘नऊ शिखरांचं शहर’ झालं आहे. नऊ शिखरं म्हणून नवशिख, नवशिख म्हणून नाशिक, अशी ती साखळी. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ही पंचवटीची कथा आधीपासून होतीच, तिच्या पंगतीला ही दुसरी बसवली. माझं दोघींशीही भांडण नाही. पांडवलेण्यांतल्या अगदी जुन्या लेखात, सातवाहनांच्या कण्ह राजाच्या काळी, नासिकचा एक अधिकारी आपण नासिकचे आहोत हे कोरून गेला आहे. गावाचं नाव दोन हजार वर्षांपलीकडचं आहे, एवढं मला पुरतं. पण टेकाचं शिखर केलेलं खपत नाही. डिंगरअळीच्या चढावर उभं राहून ज्याला शिखर दिसलं, त्याच्या नजरेला माझा नमस्कार.

टेक म्हणजे शिखर नव्हे, हे कोणीही मान्य करील. टेक म्हणजे टेकडीसुद्धा नव्हे, हे सांगायला मात्र जरा वेळ लागतो. दोन शब्द इतके जवळचे, की एक दुसऱ्याचं लाडकं रूप वाटावं.

टेक समजून घ्यायचा तर पायांनी. सराफ बाजारातून जुन्या गावात वर शिरणारी एखादी गल्ली धरा. सुरुवातीला काही जाणवत नाही. मग बाजूच्या वाड्याकडे पाहा. दगडी जोतं एका टोकाला गुडघ्याएवढं आणि दुसऱ्या टोकाला छातीएवढं. ओटा सरळ आहे, तिरपी आहे ती गल्ली. भाजीच्या हातगाडीच्या चाकाखाली अर्धी वीट सरकवलेली असते. दुचाकी लावणारा माणूस आधी बुटाने जमीन चाचपतो, मगच स्टँड पाडतो. बादली कलंडली तर पाणी कुठे पळणार हे शेंबडं पोरही सांगतं. आणि एवढं असूनही टेक म्हणून काही डोळ्यांना दिसत नाही, घरांनी तो पुरता झाकून टाकला आहे. टेकडी लांबून दिसते आणि जवळ गेल्यावर पायांना कळते. टेक फक्त पायांना कळतो.

पायांखालोखाल तो कळतो नदीला. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो आणि तिचा पूर मीटरमध्ये मोजत नाही. गंगेवर दुतोंड्या मारुती उभा आहे, त्याच्या अंगावर मोजतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं, अशा बातम्या घरोघर पोचतात. मारुती बुडायला आला की पाणी सराफ बाजाराची आणि दहीपुलाची वाट धरतं. 2008 आणि 2016 सालच्या पुरांत ते तिथे घुसलंच. दुकानांतली कपाटं, वह्या, लाकडी पेट्या वर नेण्याची धांदल उडते, नळ्यांतून उलटं पाणी येऊ लागतं आणि मग कुठल्याशा पायरीपाशी येऊन नदी थांबते. त्या पायरीच्या वरच्या अंगाला माणसं भिंतीला टेकून पूर बघत उभी असतात, मागे चहा उकळत असतो. नदीला धरून राहायचं पण नदीत राहायचं नाही, असा जो बारीक हिशेब जुन्या लोकांनी बांधला त्याचं नाव टेक. टेकणे या क्रियापदाशी त्याचं नातं मला म्हणूनच पटतं. पाठ टेकायला, बूड टेकायला, म्हातारपणी काठी टेकायला जेवढी कोरडी जागा लागते तेवढीच त्याची उंची. शिखर गाठायचं असतं, टेकावर नुसतं टेकायचं असतं.

आता हा टेक आला कुठून? नदीकाठच्या जुन्या गढीने याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. तिला मातीची गढी म्हणतात, काझीची गढीही म्हणतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी 1950-51 साली तिथे उत्खनन केलं. त्याच वेळी संगमनेरजवळच्या जोर्व्यालाही त्यांनी खड्डे घेतले, आणि दोन्हींचा अहवाल 1955 साली एकत्र छापून निघाला. जोर्वे पुढे पुरातत्त्वाच्या पुस्तकांत गाजलं, त्या नावाची मडकी जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक झाली. नाशिकची गढी मात्र मागे राहिली. खरं तर ती वाचायला जास्त रंजक आहे. सर्वात तळाशी ताम्रपाषाण युगातल्या माणसांच्या खुणा, त्यावर काळ्या-तांबड्या भांड्यांचा काळ, त्यावर सातवाहनांचा, रोमशी व्यापार चालत होता तो काळ, मग मधे मोठी पोकळी, आणि सर्वात वर मुसलमानी आणि मराठी अमलातलं गाव. म्हणजे खाली नदीचा मूळ काठ, आणि त्यावर माणसांनी राहून राहून चढवलेली उंची.

राहून राहून, हा शब्दप्रयोग इथे अगदी शब्दशः घ्यायचा. मातीचं घर पडतं, त्याचा मलबा कोणी उचलून नेत नाही. तो तिथेच सपाट करून पुढची पिढी त्यावर घर उठवते. चुलीतली राख, शेणाचं सारवण, फुटकी मडकी, खाऊन टाकलेली हाडं, जळके दाणे सगळं पायाखाली जातं. आपल्या खेड्यांना हे शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी, हे काळी-पांढरीचं वाटप गावच्या पाटलापासून देवीच्या आरत्यांपर्यंत सगळीकडे भिनलेलं आहे. पांढरी पांढरी का, तर राख आणि चुना मिसळून मिसळून माती तशी होते. पुरातत्त्ववाले अशा जागेला आजही पांढरीचं टेकाड म्हणतात. त्यांनी नवीन शब्द घडवला नाही, गावकऱ्यांचाच उचलला, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

टेकडीचा जन्म याच्या अगदी उलटा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. एकावर एक, आडवे थर. मग पावसाने, नद्यांनी ते कोरायला घेतलं. मऊ होतं ते वाहून गेलं आणि टणक होतं ते उभं राहिलं. सातमाळ्याच्या रांगेकडे वणीच्या रस्त्यावरून पाहा. धोडप, कांचना, रवळ्या, जवळ्या, मार्कंड्या, सप्तशृंग. सगळ्यांचे कातळकडे जणू एका रेषेत आखलेले आहेत, थर मोजून घ्यावेत इतके. ते डोंगर वर उठलेले नाहीत. त्यांच्या मधली जमीन खाली गेली आहे. टेकडी आणि डोंगर ही वजाबाकीनंतरची बाकी आणि टेक ही बेरीज, हे एकदा लक्षात आलं की पुढे दोन्ही शब्दांची गल्लत होत नाही.

टेकडी आणि डोंगर यांच्यात मात्र गल्लत होतेच, आणि ती कशी सोडवायची हे मला एका बाईने शिकवलं. त्र्यंबकच्या रस्त्याला अंजनेरी फाट्याच्या अलीकडे मे महिन्यात बाया करवंदं घेऊन बसतात. पळसाच्या पानाचा द्रोण हातात घेता घेता मी समोरच्या उंचवट्याकडे बोट केलं.

“मावशी, हा कोणता डोंगर?”

“ह्यो व्हय? ह्यो डोंगर न्हाई बाबा, टेकाड हाय. डोंगर त्यो मागं.”

“मग या टेकाडाचं नाव काय?”

“टेकाडाला कोन नाव ठिवतं?”

एवढं बोलून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. ज्याला नाव आहे तो डोंगर, ज्याला नाही ते टेकाड. उंचीचा प्रश्नच नाही. अंजनेरीला हनुमानाचा जन्म झाला, ब्रह्मगिरीवर गंगा उगवली, मार्कंड्यावर ऋषी बसला, म्हणून ते डोंगर. आणि नावाच्या पाठोपाठ येतो देव. कळवण, सुरगाणा, बागलाण, दिंडोरीकडचे कोकणा आणि भिल्ल लोक मार्गशीर्षात डोंगऱ्या देव मांडतात. दिवस दिवस व्रत धरून, पावरीच्या सुरावर रात्री नाचून पौर्णिमेच्या सुमारास देवाच्या डोंगरावर जातात. टेकड्या देव कुठे ऐकलात? असणार कसा? देव वस्तीला येईल एवढी उंची टेकडीत नाही, आणि देवाला नुसतं टेकायचं असेल तर त्याला देवघर आहे.

शाळेच्या भूगोलात उतरंड लावून दिलेली असते. आधी टेकडी, मग डोंगर, मग पर्वत. परीक्षेपुरती ती ठीक. नाशिक शहरच समुद्रापासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. म्हणजे कोकणातल्या कितीतरी डोंगरांच्या माथ्यावरून चालायचं ते आम्ही मेनरोडवरून चालतो, आणि आमची टेकडी कोकणात नेऊन ठेवली तर तिथे तिला गिरी म्हणतील. इंग्रजांनी एके काळी हजार फुटांची रेघ ओढून पाहिली, तीही टिकली नाही. मराठीने फुटपट्टी लावायचं टाळलं हे बरंच केलं. पुणेकरांच्या पायाखालच्या देवळाच्या टेकडीचं नाव पर्वती. मुंबईत समुद्रालगतच्या एका बुटक्या उंचवट्याने साऱ्या वस्तीला डोंगरी हे नाव दिलं. नागपूरकर ज्याला नुसतं बर्डी म्हणतात त्या सीताबर्डीतली बर्डी म्हणजे खडकाळ उंचवटाच, आणि तिथला गणपती टेकडीचा. पुण्यात ‘टेकडीवर जाऊन येतो’ म्हटलं की ती कुठली, हे विचारावं लागत नाही. टेकडी ही तिथे एक सवय आहे, आणि तिच्यासाठी लोक सह्या गोळा करतात, मोर्चे काढतात. नाशिकला हे वाक्यच नाही. आम्ही ‘पांडवलेणी चढून येतो’, ‘चामरलेणीला जाऊन येतो’ म्हणतो. टेकडीचा उच्चारही होत नाही, चढली जाते ती लेणी.

पांडवलेण्यांच्या डोंगराने तर तिन्ही इयत्ता एकाच जागी बसून पास केल्या आहेत. वर्तमानपत्रात तो टेकडी असतो, पाथर्डी फाट्यावरच्या चहावाल्याच्या तोंडी डोंगर, आणि लेण्यांच्या भिंतीवर चक्क पर्वत. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात आपण हे लेणं गोवर्धन प्रांतात ‘त्रिरश्मिषु पर्वतेषु’ खोदवलं असं सांगतो. एकवचन नाही, बहुवचन. खालून पाहिलं की कळतं, त्र्यंबक-अंजनेरीची रांग संपता संपता शेजारी शेजारी सुळक्यासारखे सुटे उभे राहिलेले तीन डोंगर आहेत. त्याला ते तिघे मिळून दिसले. तिसऱ्या लेण्यातली गौतमी बलश्री त्याच्याही पुढे गेली. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हे लेणं भिक्षूंना दिलं आणि लेखात आपल्या गेलेल्या मुलाचं, गौतमीपुत्राचं, कौतुक कोरवलं. तो कोणकोणत्या पर्वतांचा धनी होता त्याची यादी तिथे आहे. विंझ म्हणजे विंध्य, पारिचात म्हणजे पारियात्र, सह्य, मलय, महिद म्हणजे महेंद्र, सेटगिरी, चकोर, आणखी काही. अर्धा भारत झाला. आणि त्याच लेखात, त्याच दगडावर, आमचा तिरण्हू, म्हणजे त्रिरश्मी, तोसुद्धा ‘पवत’. विंध्यालाही पवत आणि नाशिकच्या वेशीवरच्या या सुट्या डोंगरालाही पवत. वर लेणं ‘शिखरावर’ आहे असंही लिहिलेलं. प्रत्यक्षात लेणी अर्ध्या चढावर आहेत, शिखर अजून बरंच वर राहतं. मुलाच्या राज्यात विंध्य मावत असेल तर आईच्या दानात शिखर का मावू नये? माहितीपत्रकवाल्यांची शिखरं मला सोसत नाहीत पण बलश्रीचं शिखर सोसतं, हा पक्षपात आहे, आणि तो मी राखणार आहे.

मराठी म्हणींनीही आपापली निवड केली आहे. दुरून साजरा दिसतो तो डोंगर, उंदीर निघतो तोही डोंगर पोखरून. राईचा होतो तो पर्वत. कर्जाचा डोंगर असतो, दुःखाचा असतो, आणि त्याच पांडवलेण्यांच्या परिसरात महापालिकेच्या खतप्रकल्पाची बातमी आली की शीर्षकात कचऱ्याचा डोंगर असतो. टेकडीच्या वाट्याला एकही म्हण आलेली माझ्या ऐकण्यात नाही. टेकाच्या वाट्याला फक्त ते एक वाक्य. गंमत अशी की कचऱ्याचा तो डोंगर खरं म्हणजे टेकच आहे. माणसांनी टाकून टाकून वाढवलेला, थराथरांचा. हजार वर्षांनी कोणी सांकलिया तिथे खड्डा घेतील तेव्हा त्यांना आमच्या काळाचा थर प्लॅस्टिकच्या जाडीवरून लगेच ओळखू येईल.

गढी मात्र एवढी थांबेल असं दिसत नाही. नदीकडची तिची मातीची भिंत दर पावसाळ्यात थोडी थोडी सुटते. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना जून आला की घरं सोडण्याच्या नोटिसा मिळतात. कोसळलेल्या भागाचे फोटो छापून येतात आणि त्या फोटोंत, नीट निरखलं तर, कड्यावर आडव्या रेघा दिसतात. ज्या रेघा पाहायला अभ्यासक परवानगी काढून खड्डे घेतात त्या इथे पावसाने फुकट उघड्या करून ठेवलेल्या. त्यावर राहणाऱ्यांना त्या रेघांचं कौतुक सांगण्याची हिंमत मला कधी झाली नाही. ज्याच्या स्वयंपाकघराचा कोपरा नदीत जाणार आहे त्याला सातवाहनांचं काय?

डोंगरांचीही वजाबाकी आता निसर्गाच्या हातात राहिलेली नाही. 2021 च्या सुमारास ब्रह्मगिरीच्या पायथ्याला सुरुंग लागले, तशीच शहराच्या पश्चिमेकडच्या संतोषा आणि भागडी या डोंगरांवरच्या खोदकामाची ओरड झाली. पर्यावरणवाले उभे राहिले, निवेदनं गेली, पाहण्या झाल्या. खाणीवरच्या माणसाच्या बोलण्यात मात्र डोंगर, टेकडी, पर्वत यांतला एकही शब्द नसतो. त्याच्याकडे मुरूम आहे, डबर आहे, पाऊण इंची खडी आहे, क्रशसँड आहे. आणि कागदावर गट नंबर. करवंदवाल्या मावशीचा नियम लावायचा तर ज्या दिवशी डोंगराचं नाव जाऊन गट नंबर आला त्याच दिवशी त्याचं टेकाड झालं, सुरुंग नंतर लागला.

ती खडी जाते कुठे? शहरात. तिच्यापासून स्लॅब होतात, कॉलम उभे राहतात, रस्ते काँक्रीटचे होतात. एकेक रस्ता डांबराच्या थराने वीत-वीत उंच होत जाऊन जुन्या दुकानांच्या उंबऱ्यांना मागे टाकतो, हे तर आपण सगळीकडे पाहतो. म्हणजे बेरीज चालूच आहे, फक्त राखेऐवजी डोंगर पडतो आहे तिच्यात.

मागे जुन्या गावात एका ओळखीच्या वाड्याचा पाया खणत होते. वाडा पाडून चार मजले व्हायचे होते. यंत्राच्या बकेटमधून येणारी माती भुरकट, हलकी, तिच्यात कौलांचे तुकडे, काचेची बांगडी, कोळसा, एक गाईचा दात. ट्रॅक्टरवाला भरून घेत होता. त्याला विचारलं, भरावाला चालली का?

“भरावाला कशाला, दादा? मळ्यात चालली, मखमलाबादकडं. गावठाणाची पांढरी आहे. असं खत दुकानात मिळत नाही.”

खरंच मिळत नाही. शेतकरी ही गोष्ट फार पूर्वीपासून जाणतात, आणि महाराष्ट्रातली कित्येक पांढरीची टेकाडं अशीच गाडी-गाडीने शेतांत पसरून गेली आहेत. अभ्यासक हळहळतात, पिकं जोमदार येतात. माणसांनी हजारो वर्षं शेतातून आणून खाल्लेलं परत शेतात चाललं आहे, अशी समजूत मी घालून घेत होतो, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. खडीचा टेम्पो वर येत होता आणि भरलेला ट्रॅक्टर खाली निघाला होता. गल्ली अशी की दोन सायकली समोरासमोर आल्या तरी एकीने ओट्याला चिकटायचं. दोघांनीही आधी आपापली गाडी दामटून पाहिली, मग एकमेकांच्या खानदानाची चौकशी केली. शेवटी टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढून नियम सांगितला, चढणाऱ्याला आधी वाट. ट्रॅक्टरवाला पुटपुटत, ट्रॉली सांभाळत, सगळी पांढरी घेऊन मागे मागे वर गेला.